डावीकडची सीट

मु. पो. ता. कुही
६ जुलै २०२५

दीक्षे,

जय भीम. फोन केला की तू म्हणते, "मामा, कामात आहे, मग करते." तुहं ते मग काही येत नाई बाप्पा. म्हणून कागद घेऊन बसलो. कागदाले तर तुले 'मग' म्हणता येत नाई.

कॉन्व्हेंट सुरू झाली. यंदा व्हॅनमधी चौदा पोट्टे हायेत, पाच गावचे. गाडीले नवे ब्रेक टाकले, टायर टाकले, पिवळा रंग मारला. पासिंगले न्या गाडी, एक खोट काढून दाखवा. पण आता नवीनच निघालं. शाळेचे पोट्टे नेणाऱ्या साऱ्या ड्रायव्हरनं नागपूरले यायचं, डोळे तपासून घ्यायचे, अन् पास झाला तरच लायसन कायम. कुठंतरी एका गाडीनं पोट्टे पाडले अन् शिक्षा साऱ्या जिल्ह्याले! तीस वर्षं गाडी हाकली मी. आधी सावनेरले कोळशाचा ट्रक, मग ही व्हॅन. कोणाची कोंबडी मारली नाई.

इथचा शिवदास सांगत होता, त्या आरटीओच्या डोळे तपासायच्या कॅम्पची साहेब तूच हायेस. मी म्हटलं, घ्या! मंग भेव कायचं?

आधीचं सोपं होतं. डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता वीस वर्षं तोच. तुले आठवते का, तू सहावीत होती अन् मले इंग्रजी अक्षरं येत नव्हते, तर तूच तो तक्ता कागदावर उतरवून माह्याकडून घोकून घेतला होता. चुकलो की छडी मारे. आता म्हणे मशीन आणली, अन् बाजूनं पेन फिरवून पाह्यते, दिसते का म्हणून. ते काही पाठ करता येत नाई.

तर माह्या नावासमोर बरोबरची खूण करून देजो. मी येत नाई कॅम्पले. एका खुणेचं काम हाये. तुही मामी आशीर्वाद सांगते. मिनल बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाले गेली.

तुहा मामा,
धम्मानंद


नागपूर
१२ जुलै २०२५

मामा,

जय भीम. पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत, टपाल लावणाऱ्याने फोडूनच माझ्या टेबलावर ठेवलं. नशीब, तुमचं अक्षर त्याला लागलं नाही. यापुढे घरी पाठवा. आणि फोनवर हा विषय काढू नका. फोनवरचं बोलणं कोण ऐकतं, सांगता येत नाही. पत्र आपल्या दोघांतच राहतं.

खूण करून दे म्हणता. जूनमध्ये मी सत्तावीस ड्रायव्हर बाद केले. त्यातल्या प्रत्येकाने तीस वर्षं गाडी चालवली होती आणि एकानेही कोंबडी मारली नव्हती. प्रत्येकाची ऑफिसात कोणीतरी भाची नाहीतर पुतण्या होता. एकाला मी तीन बोटं दाखवली, तो म्हणाला पाच. मी विचारलं, "पाच कशी?" म्हणाला, "मॅडम, हाताला पाचच असतात." त्याच्या गाडीत वीस पोरं बसायची. मला हसू आलं नाही.

डोळा चांगला असता तर तुम्ही कॅम्पला येऊन चहा पिऊन गेला असता, कागद घेऊन बसला नसता. कोणता डोळा आणि किती, ते खरं लिहा. मी तुमची भाची आहे, पण डोळे मिटून खूण करायला बसलेली नाही.

मामींना नमस्कार. मिनलला म्हणावं अभ्यास कर, नाहीतर गावातच राहशील.

दीक्षा


कुही
१९ जुलै २०२५

दीक्षे,

तुहं पत्र वाचलं. मामीसमोर वाचलं नाई, तिले वाईट वाटलं असतं. "भाची आहे, पण." हा 'पण' नागपूरले शिकली का वं? माह्या घरी दहा वर्षं राहिली तवा तर नव्हता.

आयक. तुहा बाप गेला तवा तू पाच वर्षांची होती. तुह्या मायनं तुले माह्या दारात आणून सोडलं. मामीनं तुह्या डोक्शातल्या उवा काढल्या, तुले पाटीवर अक्षर गिरवाले शिकवलं, मिनलच्या आधी तुले ताट वाढलं. तुह्या इंजिनेरिंगसाठी मी सावनेरच्या खाणीतून दोन पाळ्या ट्रक चालवला. त्या धुळीत डोळे लाल व्हायचे तवा कोणतं मशीन आणलं होतं तुह्या सरकारनं?

खरं पाह्यजे ना? घे खरं. डावा डोळा गेला. काचबिंदू. दोन वर्षं झाले. डावीकडून हत्ती आला तरी मले समजत नाई, मान फिरवली तर समजते. उजवा मात्र मस्त हाये. एका डोळ्यानं दोन वर्षं पोट्टे नेऊन राहिलो, कोणाले खरचटलं नाई.

व्हॅन बंद झाली तर मी काय करू? छप्पन वर्षांच्या माणसाले कोण काम देते? घरी बसून तुह्या मामीच्या, मायाच्या, तोंडाकडं पाहू? मी ड्रायव्हर हावो, दुसरं मले काही येत नाई. गावात लोक 'धम्मानंद ड्रायव्हर' म्हणते. तू ते पुसून टाकशील तर मंग मी कोण?

अन् तू नाईच म्हणत असशील तर मीबी बह्याड हावो. तुह्या ऑफिसच्या गेटासमोर तुहा शाळेतला फोटो घेऊन बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतो, या साहेबीणबाईले मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं. चक्कर येऊन पडेपर्यंत बसतो. पाहू तुहा साहेब काय म्हणते.

धम्मानंद


नागपूर
२ ऑगस्ट २०२५

मामा,

तुम्ही बसला असता, हे मला माहीत आहे. म्हणून तुमचं पत्र आल्यापासून दहा दिवस मी जेवण धड केलं नाही. काल खूण केली. यादीत तुमच्या नावासमोर 'हजर, दृष्टी योग्य' असं आहे. तुमच्या वरचा आणि खालचा, दोघंही बाद आहेत. खालच्याचं वय एकेचाळीस, तुमच्यापेक्षा त्याला जास्त दिसतं.

हे प्रेमाने केलं असं समजू नका. तुमचे उपकार मोजून दाखवलेत, मी फेडले. आता आपलं काही राहिलं नाही.

आता माझ्या अटी नीट ऐका.

शाळेच्या गाडीत बाई मदतनीस असावी असा नियमच आहे. तुम्ही कधी ठेवली नाही, ते मी आजवर पाहिलं नाही असं केलं. आता मामींना ठेवा. त्या डावीकडच्या सीटवर बसतील. डावीकडचं त्या बघतील, तुम्ही समोरचं आणि उजवीकडचं बघा. पोरं उतरवायला त्या खाली उतरतील. सगळं मोकळं झालं की पत्र्यावर दोनदा हात मारतील, मगच गाडी हलवायची. एकदा मारला तर जागेवर थांबायचं. ट्रकवर तुमचा क्लीनर करायचा तसंच. मी लहानपणी केबिनमध्ये बसून ऐकलं आहे, त्यात चूक होत नाही.

हे फक्त दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टी लागली की तुम्ही स्वतः अर्ज करून लायसन परत द्यायचं. नाही दिलंत तर मी कुहीला येऊन काढून घेईन, आणि तेव्हा मामी दारात उभ्या राहिल्या तरी ऐकणार नाही.

मामींना डोळ्याचं सांगा. डोळे झाकून बसवू नका.

दीक्षा


कुही
३० ऑगस्ट २०२५

दीक्षे,

जय भीम वं बाई. तुही मामी आता आमची मोठी साहेब झाली! सकाळी साडेसहाले निळं लुगडं नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून डावीकडच्या सीटवर बसते. पोट्टे तिले 'माया मॅडम' म्हणते. पहिल्या दिवशी तोंडातून एक अक्षर काढत नव्हती, आता सारा रस्ता मलेच शिकवते. "गाय हाये. सायकल हाये. दबा थोडं उजवीकडं. अवं माय, त्या म्हातारीले जाऊ द्या आधी!" मी म्हटलं, तू चालव नं मंग. तर म्हणते, "चालवून तर मीच राहिली, तुम्ही नुसते चाक धरता."

डोळ्याचं तिले सांगतलं. दोन दिवस बोलली नाई. मंग म्हणाली, "मले ठाऊकच होतं, ताटातली डावीकडची भाजी तुम्ही खातच नाई." आता बोल!

हात मारायची तुही युक्ती भल्ली जमली. पोट्ट्यांले त्याचा नादच लागला. घरी जाऊन दारावर दोनदा हात मारते अन् म्हणते, "चाला." शेळीच्या पाठीवर मारते. मायाले आजकाल लय हसू येते.

एक झालं, ते तुले लिवतो, लपवत नाई. मांगच्या बुधवारी एका मोटारसायकलवाल्याचं हँडल घासलं. त्याचीच चूक होती. काही लागलं नाई कोणाले. माया तवा एका पोट्टीच्या बुटाची लेस बांधून राहिली होती.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतो तवा तुह्याकडं मुक्काम करू. मामी तुह्यासाठी मूगवड्या वाळवून ठेवते. राग सोडजो.

तुहा मामा


नागपूर
९ सप्टेंबर २०२५

मामा,

जय भीम. पत्र दोनदा वाचलं. मामी शिट्टी घालून बसलेल्या डोळ्यांसमोर आल्या आणि बरं वाटलं.

मोटारसायकल डावीकडून घासली की उजवीकडून, ते तुम्ही लिहिलेलं नाही. न लिहिल्यामुळे मला कळलंच. पोरांच्या बुटांच्या लेस घरून बांधून पाठवा म्हणावं. मामींनी रस्त्यावरून नजर काढायची नाही.

इकडे आमच्या मोहिमेचं कौतुक झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून फुलांचा गुच्छ दिला. जिल्ह्यात सगळ्यात जास्त कारवाया माझ्या. गेल्या आठवड्यात सावनेरचा नत्थू नावाचा ड्रायव्हर आला होता, बावन्न वर्षांचा, एक डोळा गेलेला. अगदी तुमच्यासारखाच. पाया पडला. मी पाय मागे घेतले. म्हणाला, "मॅडम, बायकोला बाजूला बसवतो, ती बघेल." मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "बायकोच्या नावाने लायसन काढलंय का?" रांगेतले सगळे हसले. तो टोपी घेऊन निघून गेला. मला वाईट वाटलं नाही. जेवताना तुमची आठवण झाली तेव्हा थोडं वाटलं.

दिवाळीला सव्वा महिना आहे. तेवढा नीट काढा. दसऱ्याला या.

दीक्षा


नागपूर
२९ सप्टेंबर २०२५

मामा,

मी मामींच्या मातीला आले नाही, हे तुम्ही मनात धराल. धरा.

दवाखान्यात मी आले होते. रामदासपेठेत, शुक्रवारी दुपारी. तुम्ही आणि मिनल खाली औषधाच्या रांगेत होतात. काचेबाहेर उभी राहिले. मामींच्या तोंडात नळी होती, केस कापलेले होते. सिस्टरने विचारलं, "पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, "तपासासाठी आले आहे." सहा वाजता त्या गेल्या, तेव्हा मी ऑफिसात होते.

अपघाताची गाडी तपासायचं काम माझ्याच टेबलावर आलं. नाकारलं असतं तर नातं लिहावं लागलं असतं, आणि नातं लिहिलं असतं तर यादीतली ती खूण कोणीतरी उघडून पाहिली असती. म्हणून शनिवारी, तिकडे तुम्ही मामींना नेत होतात तेव्हा, मी पोलिस स्टेशनच्या आवारात व्हॅन तपासत होते. ब्रेक चांगले, स्टेअरिंग चांगलं, टायर चांगले. यांत्रिक दोष नाही असं लिहिलं. खरं तेच लिहिलं. पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं आणि नंतर हात तीनदा धुतले.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा.

पोलिसांच्या कागदात असं आहे की बुधवारी दुपारी गाडी थांबली, मामींनी एका पोराला उतरवलं, त्याची पाण्याची बाटली चाकापुढे पडली, ती उचलायला मामी वाकल्या आणि गाडी सुटली. पत्र्यावर हात कोणी मारला, हे अजून कोणी लिहिलेलं नाही. आत बसलेल्या एका लहान पोराने खिडकीतून हात काढून खेळात दोनदा मारला, असं मोठी पोरं आपसात बोलतात म्हणे. पोरांच्या बोलण्याला कोणी धरत नाही.

तुमचा जबाब व्हायचा आहे. तुम्ही सांगा की हात मामींनीच मारला, आणि मारल्यावर बाटली दिसली म्हणून त्या न सांगता पुढे वाकल्या. म्हणजे चूक मदतनीसची होते. डोळ्याचा प्रश्न निघत नाही. तुमची शिक्षा नावापुरती होईल, आणि कॅम्पच्या यादीपर्यंत कोणी येणार नाही. मामींचं नाव खराब होईल असं मनात आणू नका. गेलेल्या माणसाचं लायसन कोणी काढून घेत नाही. त्या असत्या तर त्यांनी स्वतःच हे सांगितलं असतं, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

मी हे स्वतःपुरतं सांगते आहे असं वाटत असेल तर तसं समजा. माझी नोकरी गेली तर मामी परत येणार नाहीत.

माझी सगळी पत्रं जाळा. हेसुद्धा. चुलीत घाला आणि राख होईपर्यंत समोर बसा. मिनलच्या हाती लागू देऊ नका.

दीक्षा


कुही
९ नोव्हेंबर २०२५

दीक्षाताई,

तुमचं शेवटचं पत्र बाबांच्या नावाचं होतं, पण ते मी वाचलं. मोठ्याने वाचलं. कारण बाबांना आता उजव्या डोळ्यानेही अक्षर लागत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासूनच लागत नव्हतं. तुमचं सप्टेंबरचं पत्र आईनेच वाचून दाखवलं. तीस ऑगस्टचं पत्र बाबांनी सांगितलं आणि आईने लिहिलं. मोटारसायकलचं लिहायला बाबा नको म्हणत होते, आईनेच हट्टाने घातलं. दीक्षा समजेल, काहीतरी करेल, म्हणाली.

ते अक्षर आईचं आहे हे तुम्हाला कळलं नाही, असं मला सांगू नका. पाटीवर तुमचा हात धरून तिनेच तुम्हाला अक्षर शिकवलं. तुम्ही पत्र दोनदा वाचलं असं स्वतःच लिहिलं आहे. दोनदा वाचूनही तुम्ही बुटांच्या लेसबद्दल लिहिलंत.

तुमचं पत्र संपलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "माया दोनदा हात मारून खाली वाकणारी बाई नव्हती." दुसऱ्या दिवशी मला घेऊन पोलिस स्टेशनला गेले आणि सांगितलं की माझा डावा डोळा दोन वर्षांपासून गेला आहे, उजवाही जात आला आहे, मी लपवलं, बायकोची काही चूक नाही. साहेबाने विचारलं, कॅम्पमध्ये पास कसे झालात? बाबा म्हणाले, "आठवत नाई." तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी बाहेर येऊन भांडले. तर म्हणाले, "मायानं तिच्यासाठी चूल फुंकली हाये मिनल, ती मी कशी विझवू?" मला त्यांचाही राग येतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. तुम्ही कापत होतात आणि ते मान पुढे करत होते, आणि मधे माझी आई बसवली तुम्ही दोघांनी.

खिडकीतून हात मारणाऱ्या पोराचं नाव मी लिहिणार नाही. तो पाच वर्षांचा आहे. गावातल्या कोणीही ते नाव पोलिसांना सांगितलं नाही, आणि त्यालाही सांगितलं नाही की त्याने काय केलं. अडाणी लोकांच्या गावाला एवढं समजलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. बाबांना जामीन मिळाला. मूगवड्यांचा डबा तसाच भरलेला आहे, कोणी उघडत नाही.

आता माझं काम. व्हॅन पोलिसांनी परत दिली. दारात उभी आहे. ती कोणी विकत घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पाच गावची पोरं आता मालाच्या ऑटोत लटकून शाळेत जातात. मी कॉलेज सोडलं नाही, पण सकाळची फेरी मी करणार आहे. लर्निंग लायसन काढलं, कुहीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. पक्क्या लायसनची टेस्ट मंगळवारी, अठरा तारखेला, साडेदहाला आहे. त्या दिवशी टेस्ट घ्यायला तुम्ही असता, हे मी खिडकीवर विचारून मगच तारीख घेतली.

टेस्ट घेणारा साहेब डावीकडच्या सीटवर बसतो. तिथे तुम्ही बसाल.

तुमची चारही पत्रं आईच्या पेटीत आहेत. जाळली नाहीत. झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. मी त्या अजून कोणाला दिल्या नाहीत, आणि कधी द्यायच्या ते तुमच्यावर आहे. माझी दया येऊन मला पास केलंत, तर त्या तुमच्या साहेबांकडे जातील. भिऊन नापास केलंत, तरी जातील. मागे घेताना मी दांडीला लागले, आरसा पाहायला विसरले, गिअर अडकला, तर सगळ्यांसमोर नापास करा, मी परत येईन. नाही चुकले तर पास करा.

नमस्कार, विनंती, आई सांगायची ते आशीर्वाद, यातलं काही लिहीत नाही. एकदा तरी आमच्या घरच्या माणसाची टेस्ट नीट घ्या.

मिनल धम्मानंद रामटेके